ओवीचे मोल आणि वावराचे मोल

द्रव्याचे स्थान काय, हा प्रश्न शास्त्रकारांनी केव्हाच सोडविला आहे, अशी आपली समजूत असते. त्यागी पुरुषास द्रव्य वर्ज्य, गृहस्थास न्यायाने मिळविलेले द्रव्य ग्राह्य, एवढे म्हटले की निरूपण पुढे सरकते. परंतु ह्याच प्रश्नाचे एक अंग असे आहे की ज्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. एखाद्याच्या हातून त्याचे निर्मितीचे कर्म सुटले आणि त्याच्या बदल्यात त्यास विपुल द्रव्य प्राप्त झाले, तर त्या कर्मापासून मिळणारी कृतार्थता त्या द्रव्याने भरून निघते काय?

चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती तालुक्यात माजरी हे गाव आहे. वर्धा-बल्लारशा लोहमार्गावरील जंक्शन आणि दगडी कोळशाच्या खाणी ह्यांमुळे ते सर्वांस परिचित आहे. तेथील काळ्या जमिनीत पूर्वीपासून पराटी, ज्वारी, तूर, गहू, हरभरा पिकत आला, आणि त्याच जमिनीच्या पोटात कोळसा निघाला. १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र संपादन कायद्याने अशी जमीन केंद्र सरकारकडे घेण्याची वाट मोकळी केली. १९७३ साली कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ साली वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कंपनी स्थापन झाली. त्यानंतर ह्या पट्ट्यात एकामागून एक वावरे खाणीत गेली आणि वावराच्या जागी खोल खड्डा व त्यातून उपसलेल्या मातीचे डोंगर उभे राहिले. जमीन गेलेल्यांस मोबदला मिळाला. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात तर दोन एकरांमागे एक नोकरी असा नियमही घातला गेला. ज्या घरात पूर्वी एक रकमी हजार रुपये दिसत नसत त्या घरात लाखांच्या रकमा आल्या.

अशा घरांतील उपदेशी गृहस्थ भिक्षुकांजवळ जो प्रश्न काढतात, तो असा: “बाबा, पैसा आला, पक्के घर झाले, मुलास नोकरी लागली, तरी मृगाचा पाऊस पडला की जीव कासावीस होतो. हा आमचा मोह समजावा काय?”

ह्या प्रश्नास दोन सोपी उत्तरे आहेत. संसारी लोक म्हणतात, ‘पैसा मिळाला ना? मग रडता कशाला?’ आणि आपल्यातील कोणी घाईने म्हणतो, ‘जमीन हा प्रपंच; तिचा मोह सोडा.’ पहिले उत्तर त्या माणसाचे दुःख नाकारते आणि दुसरे त्यास दोष लावते. दोन्ही उत्तरे त्याला निरुत्तर करतात, पण त्याचे समाधान करीत नाहीत. म्हणून हा विषय क्रमाने पाहिला पाहिजे.

पूर्वपक्ष

द्रव्याच्या बाजूने बोलणाऱ्याचा पक्ष दुबळा नाही. तो प्रथम म्हणतो की कर्म हे साधन आणि सुख हे साध्य. औषधाविना रोग बरा झाला तर औषध घेण्याचा आग्रह कोणी धरीत नाही. तद्वत् कष्टाविना सुख आले तर कष्टासाठी शोक कशाचा? तो दुसरे असे म्हणतो की शेतीस निर्मितीचे सुंदर नाव देणारे बहुधा शेती न करणारे असतात. कर्जाचा हप्ता, वेळेवर न आलेला पाऊस, बोंडअळीने खाल्लेली पराटी आणि बाजारात पडलेला भाव, ह्यांत कृतार्थता कोठे आहे? विदर्भातील किती घरांनी ह्या शेतीपायी कर्ता पुरुष गमावला, हे सर्वांस ठाऊक आहे. तिसरे असे की द्रव्य असले म्हणजे मनुष्य मोकळा होतो. ज्यास पोटाची चिंता नाही त्याने हवे तर काव्य करावे, हवे तर बाग लावावी. तेव्हा द्रव्य हे कर्माचे वैरी तर नाहीच, उलट सर्व कर्मांचे द्वार आहे.

ह्यांतील तिसऱ्या मुद्द्यात पुष्कळ सत्य आहे, ते आधीच मान्य करावे. दारिद्र्याने जितकी कला मारली तितकी दुसऱ्या कशानेही मारली नसेल. परंतु दार उघडे असणे निराळे आणि घरात जाणे निराळे. द्रव्य कर्मासाठी जागा करून देऊ शकते हे सिद्ध झाल्याने ते कर्माची जागा घेऊ शकते, हे सिद्ध होत नाही. आपला प्रश्न दुसऱ्या गोष्टीचा आहे.

नरेंद्र कवीचा प्रसंग

ह्या प्रश्नाची परीक्षा मराठी भाषेच्या आरंभकाळीच झालेली आहे आणि ती आपल्याच परंपरेच्या स्मरणात जपलेली आहे. शके १२१४ च्या सुमारास, म्हणजे इ. स. १२९२ च्या आसपास, नरेंद्र कवीने ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचिले. साती ग्रंथांत त्याची गणना होते. नरेंद्राचे बंधू साल आणि नृसिंह हेही कवी होते आणि देवगिरीच्या रामदेवराव यादवाच्या सभेत त्यांचा वावर होता. स्मृतिस्थळात आलेला प्रसंग वाचकांस परिचित आहे. काव्य ऐकून राजा प्रसन्न झाला आणि हा ग्रंथ आपल्या नावाने असावा अशी त्यास इच्छा झाली. त्याने ओवीगणिक सोन्याचे नाणे देऊ केले. नरेंद्राने नकार दिला. असे केल्याने कवींच्या कुळास उणेपणा येईल, हा त्याच्या उत्तराचा आशय. परंपरा असेही सांगते की मूळ ग्रंथ राजाकडेच राहिला आणि कवीपाशी नऊशेच्या सुमारास ओव्या उरल्या. आज उपलब्ध असलेला ग्रंथ अपूर्णच आहे. पुढे नरेंद्र श्रीनागदेवाचार्यांच्या सन्निधानी आला.

ही कथा आपण कवीच्या बाणेदारपणासाठी सांगतो आणि तेथेच थांबतो. पण ह्या कथेत कवीपेक्षा राजाचे वर्तन अधिक विचारणीय आहे. ज्याच्याजवळ देवगिरीचे भांडार होते, त्यास नऊशे काय किंवा अठराशे काय, ओव्यांची उणीव का भासावी? द्रव्याने जर कृतार्थता मिळत असती तर ती सर्वांत आधी त्यासच मिळाली असती आणि त्याने कवीकडे काही मागितले नसते. त्याची मागणी हीच साक्ष आहे की भांडार भरलेले असूनही एक जागा रिकामी होती आणि ती कशाने भरते हे त्यास ओळखता आले होते.

आता हा व्यवहार पार पडला असता असे समजू. नरेंद्रास सोने मिळाले असते, राजास नाव मिळाले असते. परंतु रुक्मिणीचे रूप शब्दांत आणताना कवीच्या ठायी जे घडले, एक शब्द टाकून दुसरा घेताना जी दृष्टी तयार झाली, ते राजाच्या ठायी कसे जाणार? नाव हलविता येते, केलेली कृती हलविता येत नाही. दुसऱ्याने जेवण केले असता आपले पोट भरत नाही. दुसऱ्याच्या नावावर पावती फाडली तरी भरत नाही. तेव्हा ह्या व्यवहारात कवीने आपली कृतार्थता गमावली असती, आणि राजाने ती मिळविली नसती. बाजारातील प्रत्येक देवघेवीत एकाने दिलेले दुसऱ्यास मिळते. येथे दिलेले कोणासच मिळाले नसते. ज्या वस्तूचा विक्रय करताच ती नाहीशी होते, ती वस्तू मुळात विक्रेय नव्हे, असाच ह्याचा अर्थ होतो.

ह्यावरून कृतार्थतेचे स्वरूप कळते. ती वस्तू नाही. कर्ता आणि कृती ह्यांमधील तो संबंध आहे. तो तीन गोष्टींनी जडतो. पहिली, समोरच्या पदार्थाचा स्वभाव मानावा लागतो: कुंभारास मातीचा, कवीस शब्दाचा, विणकरास सुताचा. दुसरी, तो मानता मानता कर्त्याचे सामर्थ्य वाढते. तिसरी, त्यातून जे निपजते ते दुसऱ्याच्या उपयोगी पडते. द्रव्य ह्या तिहींपैकी एकही गोष्ट देऊ शकत नाही. ते पदार्थ विकत आणील, पण त्याच्या स्वभावाशी झुंज देणार नाही. शिक्षक ठेवील, पण शिकणार नाही. दान करील, पण दान केलेली वस्तू घडविणार नाही.

वावराचा विचार

आता माजरीच्या वावराकडे येऊ. पूर्वपक्षी म्हणेल की नरेंद्र कवी होता. वखर हाकणाऱ्यास कवीच्या पंक्तीस का बसविता? परंतु वर सांगितलेली तीन लक्षणे तेथे आहेत किंवा नाहीत हे पाहावे. वावराच्या कोणत्या अंगास पाणी धरून राहते, पाऊस उघडल्यावर कोणत्या तुकड्यास आधी वाफसा येतो, तिफण कोठे खोल जाऊ द्यावी आणि कोठे वर धरावी, डवरणी कोणत्या दिवशी केली असता तण मरते आणि कोणत्या दिवशी केली असता ढेकूळ निघते, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही. ते त्या एका वावराचे ज्ञान आहे. बापाने दाखविले, मुलाने चुकत चुकत आत्मसात केले, आणि प्रत्येक हंगामास त्यात थोडी भर पडली. पदार्थाचा स्वभाव येथे मानावाच लागतो, सामर्थ्य येथे वाढते, आणि निपजलेले अन्न लोक खातात. कापसाचे बोंड शेतकरी निर्माण करीत नाही, हे खरे. पण शब्दही कवीने निर्माण केलेले नसतात.

वावर गेले म्हणजे मातीबरोबर हे ज्ञानही जाते. द्रव्य कोठेही चालते. माजरीत मिळालेली रक्कम नागपुरात तितकीच राहते. हे ज्ञान मात्र त्या धुऱ्यांच्या आतच चालत होते. दुसऱ्या तालुक्यात जमीन विकत घेणाऱ्यास पुन्हा अनेक हंगाम शिकावे लागते. ज्यास जमीन मिळाली नाही त्याच्या हातात चाळीस वर्षांचे कौशल्य आहे, पण ते लावण्यास जागा नाही. मोबदल्याच्या हिशेबात जमिनीचे एकर असतात, विहीर असते, झाडे असतात. हे कौशल्य कोणत्याच रकान्यात नसते. मृगाच्या पावसाने होणारी कासाविसी ती ह्याच न मोजलेल्या वस्तूची आहे. म्हणून तिला निव्वळ लोभ म्हणणे अन्यायाचे होय. लोभ असता तर तो रक्कम मिळताच शांत झाला असता, किंवा आणखी रक्कम मागत राहिला असता. हा जीव रक्कम मागत नाही, काम मागतो.

येथे दोन गैरसमज टाळले पाहिजेत. कोणी म्हणेल, की खरे समाधान कर्मात आहे तर मोबदला थोडका दिला तरी चालेल. हा अत्यंत दुष्ट युक्तिवाद आहे. ज्या हानीची भरपाई द्रव्याने होऊ शकत नाही, तिच्या नावाखाली ज्या हानीची होऊ शकते तीही बुडविणे, हे चोरीवर उपदेशाचे पांघरूण घालणे होय. कायद्याने आणि न्यायाने जे देणे आहे ते पूर्ण द्यावे, वेळेवर द्यावे. इतके करूनही काही देणे उरते, एवढेच येथे म्हणावयाचे आहे. दुसरा गैरसमज असा की खाणीतील काम हे हीन आणि वावरातील काम तेवढे पवित्र. हेही खरे नाही. थरांचा अंदाज घेऊन यंत्र चालविणारा, पाण्याचा उपसा सांभाळणारा, आपल्या पाळीतील सोबत्यांच्या जिवाची काळजी वाहणारा कामगार हाही पदार्थाचा स्वभाव मानतो आणि त्याच्या कोळशाने दूरच्या घरात दिवा लागतो. नोकरी मिळालेल्या मुलाने ती केवळ पगाराची जागा न मानता शिकून आपलीशी केली, तर त्याच्या ठायी तोच संबंध पुन्हा जडू शकतो. अडचण असते ती हाती केवळ रक्कम आलेल्याची, ज्याच्या दिवसास आता आकार उरला नाही.

ह्याच्या उलट बाजूचा दाखला शेजारच्याच वरोरा तालुक्यात आहे. हिंगणघाटच्या संपन्न घरात १९१४ साली जन्मलेले मुरलीधर देवीदास तथा बाबा आमटे वकिली आणि घरची सुबत्ता सोडून कुष्ठरोग्यांच्या सेवेत आले. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभे राहिले. तेथे रोग्यास केवळ अन्न आणि औषध द्यावयाचे नाही, त्याच्या झडलेल्या बोटांनाही काम द्यावयाचे, असा बाबांचा आग्रह होता. रोग्यांनी विहिरी खोदल्या, धान्य व भाजी पिकविली, हातमाग चालविले. ज्यांस लोकांनी भिक्षेवर टाकले होते, त्यांस आपण कोणास काही देऊ शकतो हे तेथे कळले. त्यांच्याजवळ द्रव्य नव्हते, शरीरही धड नव्हते. तरी मान ताठ झाली ती निर्मितीने. भिक्षा घालणाऱ्यांनी दिलेल्या पैशाने ती पूर्वी झाली नव्हती. एका बाजूस द्रव्य असून रितेपण, दुसऱ्या बाजूस द्रव्य नसून भरलेपण, हे दोन्ही एकाच जिल्ह्यात शेजारी शेजारी दिसते. तेव्हा पूर्वपक्षाचे पहिले विधान, की कर्म हे केवळ साधन, ते येथे टिकत नाही. काही कर्मांत साध्य हे कर्माच्या पलीकडे नसून कर्मातच असते. ते औषधासारखे नसून श्वासासारखे असते.

निवृत्तिपक्षाची शंका

येथपर्यंत आल्यावर आपल्या मार्गातील साधक एक गंभीर शंका घेईल. कर्मातील समाधान हेही ‘मी केले’ ह्या अहंतेचेच समाधान नव्हे काय? द्रव्याचा पाश लोखंडाचा आणि निर्मितीचा पाश सोन्याचा, एवढाच भेद. जीवास बांधणारे दोन्हीही. मग एका बंधनाची थोरवी दुसऱ्याहून अधिक म्हणून काय मिळविले?

ही शंका योग्य आहे आणि आपल्या पूर्वजांनी ती स्वतःवरच घेतली होती. भास्करभट्ट बोरीकरांनी ‘शिशुपालवध’ हे रसपूर्ण काव्य रचिले, तेव्हा ग्रंथ उत्तम झाला, पण तो प्रवृत्तीस योग्य, निवृत्तीस नव्हे, असे मार्गातीलच अधिकारी पुरुषाने त्यांस सांगितल्याची आख्यायिका आहे. त्यांनी ते मनास लावून घेतले आणि ‘उद्धवगीता’ रचिली. ह्यात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. निर्मितीची कृतार्थता ही अंतिम नाही, हे त्यांनी मान्य केले. परंतु ते मान्य करताना लेखणी खाली ठेविली नाही. तीच लेखणी श्रेष्ठ विषयास वाहिली.

ह्याहून पुढची पायरी म्हाइंभटांची. सराळ्याचे हे गृहस्थ विद्येने आणि वैभवाने दोन्हीही संपन्न होते. त्यांनी वैभव सोडले हे आपण नेहमी सांगतो. त्यानंतर त्यांनी काय केले हे अधिक महत्त्वाचे आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या लीळा ज्यांनी पाहिल्या, ऐकल्या, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी एकेक लीळा गोळा केली, पडताळली आणि तेराव्या शतकाच्या शेवटच्या पंचविशीत ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ. पण त्यात ग्रंथकार स्वतःस पुढे करीत नाही. सांगणाऱ्याच्या शब्दाला तो जपतो. पुढे परचक्राच्या धामधुमीत तो ग्रंथ नष्ट झाला, तेव्हा शिष्यपरंपरेने स्मरणातून तो पुन्हा उभा केला. ह्या साऱ्या उद्योगात कोणी कोणास ओवीगणिक नाणे दिले नाही, आणि कोणी मागितलेही नाही.

तेव्हा शंकेचे उत्तर असे. द्रव्य, निर्मिती आणि समर्पण अशा तीन पायऱ्या मानल्या तर द्रव्य निर्मितीची जागा घेऊ शकत नाही, हे जितके खरे तितकेच निर्मिती समर्पणाची जागा घेऊ शकत नाही, हेही खरे आहे. तरी पहिल्या दोहोंत एक मोठा भेद उरतो. द्रव्य जसजसे वाढते तसतसा ‘माझे’ हा शब्द जाड होतो, कारण द्रव्यास मालकाखेरीज दुसरा अर्थच नाही. निर्मितीत मात्र कर्त्यास स्वतःस विसरावे लागते. मातीचा स्वभाव न मानता स्वतःचाच हेका चालविणाऱ्या कुंभाराचे मडके भट्टीत तडकते. म्हणजे प्रामाणिक कर्मात अहंता गळण्याचा अभ्यास आपोआप घडत असतो, जरी कर्ता त्यास परमार्थ म्हणत नसला तरी. वावरात राबलेल्या माणसाचे मन उपदेशास लवकर भिजते, हा आपल्या भिक्षुकांचा अनुभव ह्याचेच प्रमाण आहे.

आपल्यास लागू काय?

उपदेशी गृहस्थांस सांगणे इतकेच, की मृगाच्या पावसाने जीव कासावीस होतो ह्याची लाज बाळगू नये. आलेल्या रकमेतून आधी कर्ज फेडावे, आसरा करावा, लेकराबाळांचे शिक्षण करावे. हे द्रव्याचे खरे क्षेत्र आहे आणि तेथे त्याचा अवमान करू नये. पण उरलेल्या रकमेने दिवस विकत घेण्याचा यत्न करू नये. अंगणाएवढी का होईना जमीन धरावी, किंवा दुसरे एखादे कर्म मुळापासून शिकावे, आणि हातातील विद्या नातवंडांस दाखवावी. तुकड्याचा आकार लहान झाला म्हणून त्या संबंधाचा प्रकार लहान होत नाही.

आणि आपण त्यागी म्हणविणाऱ्यांनी हा प्रश्न केवळ गृहस्थांचा समजू नये. पूर्वी आपल्या मठांत एकेक पोथी सकळ लिपीत हाताने उतरली जाई. उतरताना पाठ होई, पाठ होताना अर्थावर विचार होई. आज छापील ग्रंथ सुलभ झाले, सद्भक्तांच्या औदार्याने आश्रमांस इमारती लाभल्या, हे चांगलेच झाले. परंतु ग्रंथ विकत आणून कपाटात ठेविल्याने अध्ययन झाले, आणि संगमरवर बसविल्याने धर्मकार्य झाले, असे आपण मानू लागलो, तर आपण देवगिरीच्या राजाचीच चूक करू. त्याने निदान काव्य ऐकले तरी होते. ज्या भिक्षुकाने वर्षभरात एक सूत्र नव्याने समजून घेतले नाही, त्याने माजरीच्या शेतकऱ्यास मोहाविषयी उपदेश करण्याचे धाडस करू नये.

द्रव्याने पुष्कळ गोष्टी होतात आणि त्या नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या गोष्टी केल्याखेरीज मिळत नाहीत, त्या कोणी दिल्याने मिळत नाहीत. ओवी असो, वावर असो वा अनुसरण असो. ह्या विवेकाने परमेश्वराने दिलेले हात आणि दिलेला दिवस ह्यांचा उपयोग आपण सर्वांनी करावा, इतके विनवून संत-महंत, वासनिक व उपदेशी वाचकांस दंडवत प्रणाम.